ओटीपोटात दुखतंय, सोनोग्राफी तर नॉर्मल… मग आता?

मागच्या अंकात म्हटलं होतं की गरोदरपणात कंबर, जांघ, ओटीपोट दुखत असेल आणि तपासण्यांबद्दल काही शंका असतील तर लिहा, तर मेलबॉक्सच भरून गेला. निम्म्या पत्रांत भीती की तपासण्या फार झाल्या, बाळाला काही होईल का, आणि उरलेल्या निम्म्यांत तक्रार की कोणी तपासण्याच करत नाहीये. मी स्वतः रेडिओलॉजिस्ट, म्हणजे दिवसभर अंधाऱ्या खोलीत थंड जेल लावून प्रोब फिरवणारी बाई, त्यामुळे मशीनच्या विरोधात बोलायचं मला काही कारण नाही, पण मशीनला आधी प्रश्न विचारावा लागतो, नाहीतर ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळं होतं, हे रोज बघते. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढून टाकलीत. आणि हो, पत्रावरून निदान होत नाही, तेव्हा खाली लिहिलेलं वाचून आपल्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : ताई, मला सातवा महिना चालू आहे. पुढचं खालचं हाड इतकं दुखतं की कूस बदलताना रडू येतं, एका पायावर उभं राहून सलवार घालता येत नाही, जिना चढताना कळ जाते, कधीकधी चालताना आतून टक् असा आवाजही येतो. तीन वेळा सोनोग्राफी झाली, तिन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणतात काही नाही, होतं असं. सासूबाई म्हणतायत एमआरआय करून घे एकदाचा, सोक्षमोक्ष लागेल. करू का? – बार्शीहून एक वाचक

उत्तर : तुझ्या तीन सोनोग्राफ्यांमध्ये काय बघितलं ते आधी सांगते. बाळाची वाढ, ठोके, पाणी किती आहे, वार कुठे आहे. सगळं छान आहे म्हणून रिपोर्ट नॉर्मल. पण तुझं दुखतंय ते हाडांच्या सांध्यात, आणि त्या सांध्याकडे कोणी बघितलेलंच नाही, बघायचं कारणही नव्हतं. म्हणजे रिपोर्टही खरा आणि तुझं दुखणंही खरं. "रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे तुला काही होत नाहीये" असं घरात कोणी म्हणत असेल तर हे वाक्य त्यांना वाचून दाखव.

तू लिहिलंयस त्यावरून हे पेल्विक गर्डल पेन वाटतंय. आपल्या कमरेचं हाड म्हणजे एक कडंच असतं, मागे माकडहाडाच्या वर दोन सांधे आणि पुढे मधोमध एक. गरोदरपणात या सांध्यांचे बंध सैल पडतात, पोटाचा भार पुढे येतो, आणि मग एका पायावर वजन आलं की ते कडं वेडंवाकडं ताणलं जातं आणि कळ येते. पाच गरोदर बायकांत साधारण एकीला हे होतं, त्यामुळे तू एकटी नाहीस, पण "होतं असं" म्हणून सोडून देण्यासारखंही नाही.

याचं निदान हाताने होतं. चांगला फिजिओथेरपिस्ट तुला पाठीवर झोपवेल, एक पाय सरळ ठेवून टाचेने वीतभर उचलायला सांगेल, तो जड वाटेल किंवा उचलणारच नाही, आणि मग दोन्ही बाजूंनी तुझे खुबे घट्ट दाबून धरून परत उचलायला सांगेल, तोच पाय आता हलका उचलला जाईल. दुसरी परीक्षा म्हणजे गुडघा वर घेऊन मांडीतून खाली दाब द्यायचा, मागे सांध्यात ओळखीची कळ आली की समजायचं. पुढच्या सांध्यावर बोट ठेवून दाबून बघतात. दहा मिनिटांचं काम, पैसे फारसे नाहीत, आणि एमआरआयपेक्षा जास्त माहिती मिळते.

आता एमआरआय किंवा सोनोग्राफीवर तो पुढचा सांधा दिसत नाही का? दिसतो की. एरवी त्यात ४ ते ५ मिलिमीटरची फट असते, गरोदरपणात ती अजून २-३ मिलिमीटर वाढते, १० च्या वर गेली तर सांधा उघडलाय असं म्हणतात. पण गंमत अशी की फट आणि दुखणं यांचा मेळच बसत नाही, फट जास्त असलेली बाई मजेत चालते आणि फट नॉर्मल असलेली रडत येते. मग तो आकडा हातात घेऊन तू करणार काय? उपचार तर तेच राहणार. म्हणून सासूबाईंना सांग, सोक्षमोक्ष एमआरआयने नाही लागायचा.

लागतं ते हे. कमरेचा पट्टा, पण फिजिओकडून नीट बांधायला शिकून. झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, कूस बदलताना गुडघे जुळवून एकदम वळायचं. सलवार, चप्पल, सगळं बसून. जिना एकेक पायरी. मांडी घालून खाली बसून पोळ्या लाटणं, उकिडवं बसून भांडी-कपडे, स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसणं, बादली एका हाताने उचलणं, हे सगळं सध्या बंद (यात घरच्यांची परीक्षा आहे, तुझी नाही). दुखण्यावर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल चालतं. मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मात्र अजिबात आणू नको, २० आठवड्यांनंतर तर नाहीच, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन पोटातलं पाणी कमी होऊ शकतं.

आणि हे कधी बदलतं? ताप आला, अंगावर लाल जायला लागलं, पाणी गेलं, पोट ठराविक वेळाने कडक होऊन दुखायला लागलं, किंवा लघवी होईनाशी झाली, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी दवाखाना. त्यातल्या शेवटच्या तीन गोष्टींत मणक्याची नस दाबली गेलेली असू शकते आणि तिथे एमआरआय तातडीने करावाच लागतो, महिना कितवाही असो.

प्रश्न : माझ्या बायकोला सहावा आठवडा आहे. उजव्या बाजूला खाली दुखतं आणि थोडं स्पॉटिंग आहे. बीटा एचसीजी (रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन) ९०० आला. सोनोग्राफीत पिशवीत काहीच दिसलं नाही, डॉक्टर म्हणाले दोन दिवसांनी परत रक्त तपासू. आतून करायची सोनोग्राफी पण सुचवली पण आईचं म्हणणं की त्याने गर्भ पडतो. दोन दिवस नुसतं थांबायचं का? – चिपळूण

उत्तर : यांना मी लगेच मेल केली होती कारण असल्या पत्राला अंकाची वाट बघता येत नाही, इथे छापतेय ते इतरांसाठी.

बीटा ९०० असताना पिशवीत काही न दिसणं याचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, गर्भ ठीक आहे पण अजून फार लहान आहे, तारखा थोड्या मागेपुढे असतील. दोन, गर्भ टिकणार नाहीये. तीन, गर्भ पिशवीच्या बाहेर, बहुतेक वेळा ट्यूबमध्ये रुजलाय. शंभरातल्या एखाद-दोन प्रेग्नन्सी अशा बाहेरच्या असतात. आजच्या आज या तिन्हीतलं कुठलं हे सांगणारं मशीन जगात नाही, म्हणूनच ४८ तासांनी परत रक्त. सुरुवातीचा आकडा १५०० च्या आत असेल तर चांगल्या गर्भात तो दोन दिवसांत किमान ४९ टक्के वाढतो. ९०० चे १३५० च्या आसपास किंवा जास्त झाले तर आशा आहे, तेवढेच राहिले किंवा रडतखडत वाढले तर सावध. डॉक्टर टाळाटाळ करत नाहीयेत, हीच पद्धत आहे.

आतून करायची सोनोग्राफी, म्हणजे टीव्हीएस, तिने गर्भ पडत नाही. प्रोब योनीमार्गात असतो, गर्भपिशवीच्या तोंडाच्या आत जातच नाही. उलट या दिवसांत पोटावरून धूसर दिसतं ते आतून स्पष्ट दिसतं, ट्यूबजवळची छोटी गाठ, पोटात साठलेलं रक्त, सगळं. तुमच्या आईंची भीती मी समजू शकते, कारण ज्यांना आधीच स्पॉटिंग असतं त्यांनाच ही तपासणी सांगतात, त्यातल्या काहींचा गर्भ नंतर पडतो, आणि आळ मशीनवर येतो.

उजवीकडे दुखायचं एक साधं कारणही असतं. ज्या ओव्हरीतून बीज आलं तिथे एक छोटी पाण्याची गाठ बनते, कॉर्पस ल्युटियम, वार तयार होईपर्यंत तीच गर्भाला सांभाळणारं हार्मोन देते. ती पहिले दोन-अडीच महिने दिसते, कधीकधी दुखते, मग आपोआप जाते. रिपोर्टमध्ये 'सिस्ट' वाचून लगेच काढून टाका म्हणू नका. फक्त गाठ मोठी असेल आणि अचानक जोराची कळ, सोबत उलट्या, असं झालं तर ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो, आणि त्यात एक फसवं असं की डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्तपुरवठा दिसत असला तरी पीळ असू शकतो, अशा वेळी स्क्रीनपेक्षा पेशंटच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो.

दोन दिवस थांबायचं, पण नुसतं नाही. दुखणं एकदम वाढलं, चक्कर येऊन पडायला झालं, खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं (हो, खांद्याला, पोटात रक्त साठलं की तिथे कळ जाते), घाम फुटून चेहरा पांढरा पडला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी ऑपरेशनची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये न्या. तोपर्यंत तिला एकटीला ठेवू नका आणि लांबचा प्रवास नको.

*(कळवायला आनंद वाटतो की दुसरा बीटा चांगला वाढला आणि दहा दिवसांनी पिशवीतच गर्भ दिसला. दुखत होती ती वर सांगितलेली गाठच.)*

प्रश्न : कंबर आणि माकडहाड खूप दुखत होतं म्हणून हाडाच्या डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढला. आठ दिवसांनी कळलं मला दिवस गेलेत. घरात सगळे म्हणतायत खाली करून टाक, बाळ वेडंवाकडं होईल. मी पंधरा दिवस झोपले नाहीये. – एक वाचक, परभणी

उत्तर : आधी झोप बाई. खाली करायचं काही कारण नाही.

आता आकडे सांगते, घरच्यांना वाचून दाखव. बाळापर्यंत किती किरणं पोचली ते मिलिग्रेमध्ये मोजतात. कमरेच्या मणक्याच्या एक्स-रेमध्ये बाळाला साधारण १ ते १० मिलिग्रे मिळतात. छातीच्या एक्स-रेत तर ०.०१ किंवा त्याहूनही कमी, म्हणजे नाहीच धर. आणि काहीही तपासणी न करता, नऊ महिने घरात बसून राहिलं तरी जमिनीतून, आकाशातून, विटा-दगडातून ०.५ ते १ मिलिग्रे मिळतातच. ५० मिलिग्रेच्या खाली बाळात व्यंग आल्याचं किंवा गर्भ गेल्याचं दिसलेलं नाही. किरणांच्या सुरक्षेचे नियम ठरवणारी जी आंतरराष्ट्रीय समिती आहे ती तर म्हणते की १०० मिलिग्रेच्या खाली डोस असेल तर केवळ त्या कारणासाठी गर्भपात करू नये. तुझा एक-दोन फोटोंचा डोस कुठे आणि ते १०० कुठे.

शिवाय तुझा एक्स-रे झाला तेव्हा गर्भ जेमतेम रुजत होता. त्या पहिल्या दोनेक आठवड्यात 'सगळं किंवा काहीच नाही' असा प्रकार असतो, मोठी इजा झाली तर गर्भ टिकतच नाही, टिकला तर नीट वाढतो. तुझा टिकलाय.

मग ही भीती आली कुठून? अगदीच हवेतून नाही आली. पूर्वी बाळंतपणाआधी कमरेच्या हाडातून बाळाचं डोकं निघेल का ते बघायला एक्स-रे काढायचे, सर्रास काढायचे. इंग्लंडमध्ये अ‍ॅलिस स्टुअर्ट नावाच्या डॉक्टरबाईंनी कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या आयांना प्रश्न विचारले, आणि १९५६ मध्ये छापलं की ज्यांचे गरोदरपणी पोटाचे एक्स-रे झाले त्यांच्या मुलांत कॅन्सरचं प्रमाण जवळपास दुप्पट आहे. बाईंवर तेव्हा पुष्कळ टीका झाली, पण हळूहळू ते एक्स-रे बंद झाले आणि त्यांची जागा सोनोग्राफीने घेतली, जी ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पहिल्यांदा छापून दाखवली होती. म्हणून मी धोका शून्य आहे असं म्हणणार नाही. पण लहान मुलांत कॅन्सर मुळातच इतका दुर्मिळ की दुप्पट धरला तरी आकडा फार छोटा राहतो, आणि आजच्या मशीनचा डोसही तेव्हापेक्षा कमी.

एक काम कर, एक्स-रेच्या पावतीवर तारीख आणि किती फोटो काढले ते बघून गायनॅकना दाखव, त्यांना हवं तर डोसचा हिशेब मिळतो. आणि इतर सगळ्या जणींना, एक्स-रे रूमच्या दारावर 'गरोदर असल्यास आधी सांगा' अशी पाटी असते, ती वाचा. पाळी चुकलेली असेल, चुकायची शक्यता असेल, तरी सांगा. लाजू नका.

प्रश्न : माझ्या जावेला पाचव्या महिन्यात उजव्या बाजूला खूप दुखायला लागलं, ताप, उलट्या. सोनोग्राफीवाले म्हणाले अपेंडिक्स दिसत नाही. मग शहरात नेऊन एमआरआय केला, अपेंडिक्सच निघालं, ऑपरेशन झालं, आता ठीक आहे. पण नातेवाईक म्हणतायत एमआरआयच्या रेडिएशनने बाळाला धोका. आणि सोनोग्राफीत का दिसलं नाही? डॉक्टर नवीन होते म्हणून? – कोल्हापूर

उत्तर : डॉक्टर नवीन असतीलही, पण मला या कामाच्या विसाव्या वर्षीही दिसत नाही कित्येकदा. अपेंडिक्स म्हणजे करंगळीपेक्षा बारीक शेपूट, ते आतड्यांतल्या वाऱ्यामागे लपतं, आणि पाचव्या महिन्यानंतर पिशवीने सगळी जागा अडवलेली असते, प्रोबने दाबायलाही जागा नसते. सोनोग्राफीत फुगलेलं अपेंडिक्स दिसलं तर ते आहे. पण 'दिसलं नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही, आणि हा फरक रिपोर्टमध्ये लिहिलेला असतो तरी घरी पोचेपर्यंत गळून पडतो. रक्ताच्या तपासणीचाही भरवसा नसतो कारण गरोदरपणात पांढऱ्या पेशी १५-१६ हजारांपर्यंत एरवीच वाढतात.

तरी सोनोग्राफी आधी केली ते बरोबरच. तिच्यात इतर कारणं कळतात, ओव्हरीचा पीळ, पिशवीवरची फायब्रॉइडची गाठ सुजून दुखणं (मधल्या महिन्यांत हे पुष्कळ होतं, आणि बहुतेक वेळा औषधांवर आणि विश्रांतीवर थांबतं), मूतखडा. मूतखड्याचं पण एक आहे, गरोदरपणात उजवी किडनी पिशवीच्या दाबाने फुगलेली दिसतेच, म्हणून किडनी फुगली म्हणजे खडा असं धरून चालत नाही.

एमआरआयचं म्हणाल तर त्यात किरणोत्सर्ग नसतोच मुळी. मोठं चुंबक आणि रेडिओ लहरी. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये १४ लाखांहून जास्त बाळंतपणांची माहिती तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष छापला, पहिल्या तीन महिन्यांत एमआरआय झालेल्यांच्या बाळांतही वेगळा धोका दिसला नाही. फक्त एमआरआयसाठी जे गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात ते गरोदरपणात टाळतात, त्याच अभ्यासात त्या इंजेक्शनमुळे त्रास वाढल्याचं दिसलं. अपेंडिक्स बघायला ते लागतही नाही, तुमच्या जावेला दिलेलं नसणार, खात्री हवी तर रिपोर्टवर 'प्लेन' लिहिलंय का ते बघा.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. समजा शहर लांब असतं, रात्र असती, एमआरआय बंद असता. तर सीटी स्कॅन करायला हवा होता का? हो. ओटीपोटाच्या सीटीत बाळाला साधारण १० ते ५० मिलिग्रे मिळतात, एक्स-रेपेक्षा खूप जास्त, पण तरी धोक्याच्या रेषेच्या आत किंवा काठावर, आणि गरोदर आहे सांगितलं तर मशीनचा डोस कमी ठेवून करता येतो. अपेंडिक्स फुटलं तर बाळ जाण्याचा धोका न फुटलेल्यापेक्षा कित्येक पट वाढतो. किरणांच्या भीतीने दोन दिवस सलाईन लावून वाट बघत बसायचं आणि मग फुटलेल्या अपेंडिक्सचं ऑपरेशन करायचं, याला काळजी घेणं म्हणत नाहीत, पण होतं असं, आणि त्याबद्दल कोणी नातेवाईक कुजबुजत नाहीत.

प्रश्न : पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफीला गेले तर आधारकार्ड, फॉर्म, सह्या. अर्धा तास कळा सोसत बसले. दुखण्यासाठी पण हे सगळं लागतं? – पनवेल

उत्तर : लागतं. गरोदर बाईची कुठलीही सोनोग्राफी असो, एफ फॉर्म भरावाच लागतो, त्यात कशासाठी केली ते कारण लिहावं लागतं, आणि मला मुलगा की मुलगी ते जाणून घ्यायचं नाही अशी तुमची सही लागते. हा गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा केंद्राचा कायदा, त्याच्याही आधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा केला होता, देशात पहिला. का करावा लागला ते तुम्हाला माहितीच आहे. फॉर्म चुकला तर आमचं मशीन सील होतं, म्हणून आम्ही जरा जास्तच कडक वागतो. पण जोराच्या कळा असतील, रक्त जात असेल, तर काउंटरवर तसं स्पष्ट बोला, सोबतच्या माणसाला फॉर्म भरू द्या आणि तुम्ही आत जा. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी बरोबर ठेवा.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे १२ आणि २० आठवड्यांना स्कॅन झाला, बस. कंबर-जांघ दुखते सांगितलं तर मिडवाइफने फिजिओकडे पाठवलं, पट्टा दिला, स्कॅन नाही. पुण्यातल्या मैत्रिणीच्या दर महिन्याला सोनोग्राफ्या होतायत. मला ३२ वा आठवडा आहे, मागचे दोन आठवडे डाव्या जांघेत खोल दुखतं, त्या पायावर वजनच टाकता येत नाही, लंगडत चालते. रात्री बसून असताना बरं असतं. पडले-बिडले नाही कुठे.

उत्तर : सुरुवातीला तुझ्या मिडवाइफने केलं ते बरोबरच केलं, आणि मैत्रिणीच्या दर महिन्याच्या सोनोग्राफीने तिचं कंबरेचं दुखणं काही कमी झालेलं नसणार, विचार तिला. पण पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंयस ते वाचून मी खुर्चीत सरळ बसले.

पहिल्या पत्रातलं कमरेच्या कड्याचं दुखणं इकडून तिकडे फिरतं, कूस बदलताना, जिन्यावर, मांड्या फाकवताना वाढतं. तुझं एकाच बाजूला आहे, जांघेत खोल आहे, वजन टाकलं की येतं आणि बसलं की जातं, आणि लंगडतेयस. हा खुब्याचा सांधा असू शकतो. शेवटच्या तीन महिन्यांत काही बायकांच्या खुब्याचं हाड तात्पुरतं ठिसूळ होतं, हाडाच्या आत सूज येते. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी अशा तीन गरोदर बायकांची नोंद पहिल्यांदा छापली. बाळंतपणानंतर काही महिन्यांत हे हाड आपोआप भरून येतं, औषधही फारसं लागत नाही. पण मधल्या काळात त्यावर जोर देत राहिलं तर खुबा मोडू शकतो, आणि मोडलेला खुबा घेऊन बाळंतपण ही कल्पनाच नको. साधा एक्स-रे सुरुवातीला नॉर्मल येतो. एमआरआयवर मात्र ती सूज लगेच लख्ख दिसते, इंजेक्शनशिवाय.

म्हणून इथे मी सांगते, स्कॅन माग. मिडवाइफला फोन करून असं नको म्हणू की दुखतंय, असं म्हण की "मला डाव्या पायावर वजन टाकता येत नाही, जांघेत दुखतं, मला डॉक्टरांनी खुबा तपासायला हवाय." कुठलंही हॉस्पिटल हे वाक्य ऐकून तपासायला बोलावेल. तोपर्यंत कुबडी किंवा काठी, त्या पायावर भार नाही. आणि आरशात दोन्ही पाय बघ, डावी मांडी किंवा पोटरी सुजलेली, लालसर, गरम वाटते का? गरोदरपणात डाव्या पायाच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचं प्रमाण जास्त असतं, आणि तीही कधीकधी जांघेतल्या दुखण्यानेच सुरू होते. तसं वाटलं तर फोन नको, सरळ जा, डॉपलर त्याच दिवशी व्हायला हवा.

प्रश्न : मुलगी आठव्या महिन्यात स्कूटरवरून पडली. पोट दुखत होतं, कडक वाटत होतं. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, पट्टे लावून बाळाचे ठोके बघत बसले. बिल वाढवायला का? – एक आई, नाशिक

उत्तर : नाही हो. पडल्यानंतर भीती असते ती वार पिशवीपासून सुटण्याची, आणि लाजेची गोष्ट आहे पण सांगते, सुटलेली वार सोनोग्राफीत निम्म्याहून जास्त वेळा दिसतच नाही, कारण ताजं रक्त आणि वार सोनोग्राफीवर सारखीच दिसतात. माझा नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी पाठवलेली बाई रात्रीतून गंभीर होऊ शकते. बाळाचे ठोके आणि पोटाच्या कळा यांचा तो कागदाचा आलेख तिथे माझ्या मशीनपेक्षा आधी बोलतो. तुमच्या डॉक्टरांना माझ्याकडून नमस्कार सांगा. आणि पडल्यावर पोटावरून कार्टूनसारखे पट्टे लावलेला तिचा फोटो तुम्ही पाठवलात, तो छापत नाही, पण ती हसतेय हे बघून बरं वाटलं.

प्रश्न : मला एमआरआय सांगितलाय. साडेसात महिने झालेत, पाय सुजलेत, जोडवी निघत नाहीयेत. आणि सासूबाई म्हणतायत मंगळसूत्र काढायचं नाही. काय करू? – सातारा

उत्तर : हा प्रश्न डॉक्टर लोक विचारायला विसरतात आणि मग टेक्निशियन, पेशंट आणि सासूबाई यांची दारात जुगलबंदी होते.

सगळा धातू काढावाच लागतो. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण जोडव्यात नुसती चांदीच असते असं नाही, आणि धातू त्या लहरींनी तापू शकतो. आदल्या रात्री पाय उशीवर उंच ठेवून झोप, सकाळी सूज कमी असते तेव्हा थंड पाण्यात पाय बुडव, साबण किंवा तेल लाव आणि फिरवत फिरवत काढ, ओढू नको. नाहीच निघालं तर सोनाराकडे, कापून देतो, नंतर जोडूनही देतो. पाटल्या, नथ, कानातलं, केसातले आकडे, पिना, ब्लाउजचे हुक, हे सगळं घरीच उतरव. काचेच्या हिरव्या बांगड्या चालतात, पण बाजूच्या सोन्याच्या नाही. आत साधारण अर्धा तास लागतो, ठकठक मोठा आवाज येतो, कानात बोळे देतील ते घाल, आणि साडेसात महिन्यांची आहेस तर पाठीवर सपाट झोपू नको, डाव्या कुशीला थोडं कलतं ठेवायला सांग, नाहीतर मोठी शीर दाबून चक्कर येते.

मंगळसूत्राचं माझ्या आईनेच एकदा एका म्हाताऱ्या आजींना सांगितलं होतं ते सांगते. पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घाल, आपल्याकडे आधीपासून असंच करतात मंगळसूत्र ओवायला दिलं की. हळकुंडाला चुंबकाचं काही वाटत नाही. आणि मंगळसूत्र सांभाळायला सासूबाईंच्याच हातात दे.